इनडोअर मॉडेल विमानांत बोरॉन-कार्बनचे ताठ धागे वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यातली कॉलेजची मुलं, एनसीसीच्या हवाई विभागातले कॅडेट आणि काही हौशी शिक्षक बंद हॉलमध्ये, पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर उडणारी इनडोअर विमानं बनवायला लागले, की पहिल्या दोन-तीन विमानांनंतर प्रश्न येतो तो ताठ धाग्यांचा. विमान कसं बनवायचं ते व्हिडिओ पाहून जमतं. धाग्याचं पाकीट हातात आल्यावर काय करायचं, हे मात्र नीट कोणी सांगत नाही. परदेशी सूचना टेबल-खुर्चीवर, पायात बूट घालून काम करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे सतरंजी अंथरून जमिनीवर काम चालतं, घरात सगळे अनवाणी वावरतात आणि संध्याकाळी त्याच जागी जेवायची ताटं मांडली जातात. ते डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

एवढ्याशा विमानाला ताठ धागा लागतो कशाला?

एफ-वन-डी या आंतरराष्ट्रीय वर्गातल्या विमानाचा पंखविस्तार जास्तीत जास्त ५५ सेंटिमीटर असतो. रबर सोडून त्याचं वजन किमान १.४ ग्रॅम लागतं आणि रबर ०.४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एवढ्यावर चांगल्या हातांनी बनवलेलं विमान उंच छताखाली वीस-पंचवीस मिनिटं सहज तरंगतं. वजन उतरवायचं म्हणजे लाकूड बारीक करावं लागतं. लाकूड बारीक केलं की पंखाचा स्पार (पंखाला लांबीभर आधार देणारी काडी) वाकतो आणि रबराला पीळ दिल्यावर मोटर स्टिक (रबर ज्या दांडीला अडकवतात ती) धनुष्यासारखी ताणली जाते. मोटर स्टिक वाकली की पंख आणि शेपटीमधला कोन बदलतो. मग विमान चढायच्या वेळी एका तऱ्हेने उडतं आणि पीळ उतरल्यावर दुसऱ्याच तऱ्हेने. ताठ धागा हे वाकणं थांबवतो. ताकदीचा प्रश्न इथे फारसा येतच नाही, कारण ही विमानं माणसाच्या चालीपेक्षा सावकाश उडतात.

बोरॉन, कार्बन, केव्हलर यांत फरक काय?

बोरॉनचा धागा म्हणजे टंगस्टनच्या अतिबारीक तारेवर बोरॉनचा थर चढवून तयार केलेला एकसंध तंतू. विमान बनवणाऱ्यांकडे येतो तो साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा, रंगाने काळपट राखाडी. त्याचा ताठपणा सुमारे ४०० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक) असतो, म्हणजे पोलादाच्या दुप्पट, आणि वजन पोलादाच्या एक तृतीयांश. लढाऊ विमानांसाठी १९६० च्या दशकात तो पुढे आला. अमेरिकेच्या एफ-१४ आणि एफ-१५ या विमानांच्या शेपटीत तो वापरलेला आहे.

कार्बनचा एकेक तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि हजारो तंतूंचा मिळून पेड बनतो. नेहमीच्या कार्बनचा ताठपणा २३० गिगापास्कलच्या आसपास. तो पेड म्हणून मिळतो, तसाच इपॉक्सीत (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदात) घट्ट केलेल्या काडीच्या रूपातही मिळतो. केव्हलर पिवळा असतो, ताणाला चिवट आणि दाबाला कमजोर. त्यामुळे पंखाला ताण देण्यासाठी किंवा जोड बांधण्यासाठी तो उत्तम, स्पार ताठ करण्यासाठी तेवढा नाही.

धोका कुठे आहे ते या स्वभावांवरूनच कळतं. केव्हलर वाकतो आणि पिंजतो. कार्बनची काडी तुटली की टोकाला कुसळं निघतात. बोरॉन काचेसारखा तडकतो, तुकडे उडतात आणि तो तुकडा सरळ कातडीत घुसण्याइतका ताठ असतो. तिघांत सगळ्यात जपायचं ते बोरॉनला.

किती धागा पुरतो? जास्त लावला तर विमान आणखी चांगलं उडेल ना?

नाही. इथे हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एक मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर उंच, ५५ सेंटिमीटर लांब असा हलक्या बाल्साचा (मॉडेलसाठी वापरतात त्या अतिहलक्या लाकडाचा) स्पार घ्या. घनता घनसेंटिमीटरला ०.०८ ग्रॅम धरली तर त्याचं वजन सुमारे ६६ मिलिग्रॅम. ०.१ मिलिमीटरचा बोरॉन मीटरला साधारण २० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे स्पारच्या वर एक आणि खाली एक असे दोन धागे लावले तर भर पडते फक्त २२ मिलिग्रॅमची. पण ताठपणा मूळच्या सात-आठ पट होतो.

कारण धागा मधल्या रेषेपासून जितका लांब, तितका त्याचा उपयोग वर्गाच्या पटीत वाढतो. अंतर दुप्पट, तर परिणाम चौपट. हाच धागा स्पारच्या मध्यभागी चिकटवला तर जवळजवळ वाया जातो. म्हणून धागा वरच्या आणि खालच्या कडेलाच हवा. दोन लावून पुरत असतील तर तिसरा लावू नका. उलट दोन लावल्यावर लाकूड आणखी किती बारीक करता येईल ते पाहा.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. लांबीच्या दिशेने लावलेला धागा वाकणं थांबवतो, पिळवटणं थांबवत नाही. मोटर स्टिक पिळवटत असेल तर तिला बाल्साची नळी करून घ्या आणि कार्बनचा बारीक धागा तिरका, साधारण ४५ अंशात गुंडाळा.

बाजारात ०.५ मिलिमीटरची कार्बन काडी सहज मिळते. तीच का लावू नये?

शिकाऊ विमानाला जरूर लावा. पण ती मीटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे बोरॉनच्या धाग्याच्या पंधरा पट. दीड ग्रॅमच्या विमानाला ती परवडत नाही, तीन-चार ग्रॅमच्या विमानाला परवडते. आमचा सल्ला असा, की पहिलं वर्ष बाल्सा आणि बांबू यांवरच काढा, मग कार्बनची काडी, मग कार्बनचा पेड सोडवून काढलेले बारीक पदर आणि सगळ्यात शेवटी बोरॉन. तोपर्यंत हाताला सवय झालेली असते आणि धागा नक्की कुठे हवा ते विमानच दाखवून देतं.

केळीच्या खोडाचा धागा चालेल का? तो तर आमच्या शेतात ढिगाने पडून असतो.

रावेर, यावल, चोपड्याकडची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात आणि विचारायलाच हवा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घड कापल्यावर खोड मात्र बहुतेक ठिकाणी कुजायला टाकलं जातं. त्या खोडातून धागा निघतो, तो ताणाला बऱ्यापैकी मजबूतही असतो. पण ताठपणात तो बोरॉनच्या जवळपासही जात नाही, एका धाग्याची जाडी दुसऱ्यासारखी नसते आणि पावसाळ्यात तो ओल शोषतो. स्पर्धेच्या विमानाला उपयोग नाही.

शाळेत शिकवायला मात्र याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. टेबलाच्या कडेला बाल्साची पट्टी चिमट्याने धरा, मोकळ्या टोकाला कागदाची क्लिप लटकवा आणि पट्टी किती खाली आली ते मोजा. मग वर-खाली केळीचा धागा ओढून चिकटवा आणि पुन्हा मोजा. धागा मध्यभागी चिकटवलेली पट्टीही शेजारी ठेवा. धाग्याची जागा का महत्त्वाची, हे पाचवीच्या मुलालाही डोळ्यांनी दिसतं आणि बोटात काहीही घुसत नाही.

मुलांना बोरॉन द्यायचा का?

शाळेतल्या मुलांना नाही. यावर आमचं मत ठाम आहे. कॉलेजच्या मुलांना द्या, तेही शेजारी बसून.

काम कुठे करायचं? आमच्याकडे वेगळी खोली नाही.

वेगळी खोली नसली तरी चालेल, पण जमिनीवर नको आणि कापडावर तर मुळीच नको. सतरंजी, गोधडी, चटई यांच्या विणीत घुसलेला तुकडा निघत नाही. तो महिन्यांनी कोणाच्या तरी तळपायात किंवा रांगणाऱ्या बाळाच्या तळहातात निघतो. टेबल, नाहीतर ओट्यावरची गुळगुळीत फळी घ्या. तिच्यावर पांढरा कागद चिकटवा, म्हणजे काळपट धागा उठून दिसेल. कागदाच्या कडा वर दुमडून ताटासारखा काठ करा. वरून दिवा सरळ न पाडता बाजूने पाडा. तिरप्या उजेडात तुटका तुकडा चमकतो.

पंखा आणि कूलर बंद ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ वर असताना हे सांगणं सोपं नाही, याची कल्पना आहे. म्हणून उन्हाळ्यात धाग्याचं काम पहाटे करा. दुपारी घामेजल्या हाताला आणि कपाळाला तुकडे चिकटतात, आपण नकळत घाम पुसतो आणि तुकडा डोळ्यापर्यंत जातो. खरं तर या कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच चांगला. हात कोरडे राहतात आणि खिडकी उघडी ठेवली तरी फुफाटा आत येत नाही.

बोरॉनचा धागा तोडायचा कसा?

कात्रीने नाही. कात्रीची धार जाते आणि तुकडा कुठे उडाला ते कळत नाही. धागा हवा तेवढा मोजा. जिथे तोडायचा तिथे पारदर्शक चिकटपट्टी खालून लावा आणि वरूनही लावा, म्हणजे धागा दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकेल. मग जुन्या ब्लेडची धार वरून टेकवून दाबा. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तुटलेली दोन्ही टोकं पट्टीतच राहतात. पट्टीचा तो भाग लाकडावर धागा बसेपर्यंत टोकाला तसाच ठेवा. त्याचे दोन फायदे आहेत: धागा कुठे संपतो ते दिसतं आणि टोक बोटाला लागत नाही.

डोळ्यांवर चष्मा हवाच. नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो, म्हणून वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो पारदर्शक सेफ्टी गॉगल घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालून हे काम करू नका.

धागा वाकवण्याचं मोजमापही लक्षात ठेवा. ०.१ मिलिमीटरचा बोरॉन ताणाखाली जेमतेम एक टक्का लांबतो. हिशोबाने साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या त्रिज्येवर तो तुटलाच पाहिजे. त्यावर कुठे ओरखडा असेल तर त्याच्या कितीतरी आधी तुटतो. म्हणून पंखाच्या टोकाला वळण सुरू होण्याआधीच धागा संपवा आणि त्याची गुंडाळी मोठ्या वेटोळ्यातच ठेवा. छोट्या रिळावर गुंडाळलेला धागा सोडवताना उसळतो.

चिकटवायला काय वापरायचं?

एसीटोनने पातळ केलेलं सेल्युलोजचं मॉडेल सिमेंट (मॉडेल जोडायचा गोंद) बोरॉनला चांगलं. धागा लाकडावर हलका ताणून ठेवायचा आणि बारीक ब्रशने सिमेंटचा एकच सलग हात फिरवायचा. धागा पूर्ण लांबीभर चिकटलेला हवा, मध्ये कुठे पोकळ नको. विमान भिंतीवर आपटलं आणि धागा तुटला, तरी सलग चिकटलेले तुकडे लाकडावरच राहतात; थेंबाथेंबाने चिकटवलेले गळून पडतात. दोन्ही टोकांवर सिमेंटचा एक जास्तीचा थेंब द्या. बोट फिरवून टोक तपासू नका. कापसाचा बोळा हलकेच फिरवा. तंतू अडकला तर टोक उघडं आहे.

एसीटोन पटकन पेट घेतो. गॅसची शेगडी आणि देवघरातला दिवा दोन्ही विझलेले असू द्या.

इपॉक्सी उन्हाळ्यात लवकर घट्ट होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की कामाचा वेळ जवळजवळ निम्मा होतो, म्हणून थोडं थोडं कालवा. ते कातडीला लागू देऊ नका. एकदा अ‍ॅलर्जी बसली की पुढे थोड्याशा स्पर्शानेही पुरळ उठतं.

फेविक्विकसारखा झटपट गोंद चालतो का?

जोडांना चालतो. पण आपल्या भागासाठी एक सूचना फार महत्त्वाची आहे: हा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद कापसाने किंवा सुती कापडाने कधीही पुसू नका. कापसाच्या संपर्कात तो झपाट्याने घट्ट होतो आणि त्या क्रियेत एवढी उष्णता निघते, की बोट भाजतं, धूर येतो. गोंद जास्त असेल तर कापूस पेटूही शकतो. सांडलेला थेंब पुसायला प्लॅस्टिकचा तुकडा किंवा गुळगुळीत कागद घ्या. सुती हातमोजे घालून हा गोंद वापरू नका. वर जो कापसाचा बोळा सांगितला तो सिमेंट पूर्ण वाळल्यावर वापरायचा आहे आणि सायनोअ‍ॅक्रिलेटने चिकटवलेल्या जागी तर गोंद घट्ट झाल्याशिवाय नाहीच.

कार्बन घासताना मास्क लागतो का? एवढीशी तर काडी असते.

लागतो. बोरॉनचा तंतू श्वासातून फुप्फुसात खोल जाण्याइतका बारीक नसतो. तो कातडी आणि डोळे यांचा प्रश्न आहे. कार्बनची काडी घासली की इपॉक्सीची आणि तंतूंच्या चुऱ्याची धूळ निघते. ती घशाला आणि डोळ्यांना झोंबते, हाताला खाज सुटते. एन-९५ मास्क घाला आणि कोरडं घासण्यापेक्षा पाणी लावून घासा. पाणी लावलं की धूळ उडतच नाही. तो राडा टिश्यू कागदाने पुसून घ्या. काडी कापल्यावर टोकाला गोंदाचा एक थेंब लावला की कुसळं बसतात. बाल्साची धूळही छातीला चांगली नाही, तेव्हा मास्क घातलाच आहे तर सगळं घासकाम एकदमच उरका.

बोटात बोरॉनचं कुसळ गेलं तर?

दाबू नका, चोळू नका, नखाने खरवडू नका. दाबलं की ते आतल्या आत तुटतं आणि मग दोन तुकडे काढावे लागतात. हात थांबवा. भिंग आणि तिरपा उजेड घेऊन ते कोणत्या दिशेने गेलं आहे ते आधी पाहा. ज्या दिशेने आत गेलं, नेमक्या त्याच रेषेत बारीक टोकाच्या चिमट्याने सरळ बाहेर ओढा. वाकडं ओढलं की तुटलं. वरवर टोचलेले तुकडे चिकटपट्टी लावून उचलता येतात. निघाल्यावर साबणाने हात धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

खोल गेलं असेल, आरपार गेलं असेल किंवा अर्धं आत राहिलं असेल, तर घरी सुईने कोरू नका. दवाखान्यात जा आणि सोबत चिकटपट्टीत अडकवलेला धाग्याचा तुकडा न्या. डॉक्टरांनी बोरॉनचा तंतू पाहिलेला असण्याची शक्यता कमी. वस्तू डोळ्यांसमोर असली की त्यांना अंदाज येतो.

डोळ्यात गेलं तर डोळा अजिबात चोळायचा नाही. स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, सकाळची वाट पाहू नका.

काम झाल्यावर झाडून घेतलं तर पुरे ना?

नाही, उलट झाडूच नका. केरसुणी तुकडे उडवते, काही स्वतःच्या काड्यांत अडकवून घेते आणि दुसऱ्या दिवशी तीच केरसुणी स्वयंपाकघरात फिरते. आधी टेबलावरचा कागद चारी बाजूंनी आत घडी करून चिकटपट्टीने बंद करा. मग रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून टेबल आणि खालची फरशी टिपून घ्या. शेवटी ओल्या टिश्यूने पुसा आणि तो टिश्यूही टाकून द्या. पुसण्याचं फडकं धुऊन परत वापरू नका.

आम्ही एक शिस्त पाळायला सांगतो. तुटलेल्या प्रत्येक धाग्याची लांबी जुळवायची. वीस सेंटिमीटर घेतला, अठरा लावला, तर उरलेले दोन कुठे आहेत? ते दिसेपर्यंत जागेवरून उठायचं नाही.

हा कचरा टाकायचा कुठे?

जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली ठेवा. सगळे तुकडे चिकटपट्टीसकट तिच्यात टाका. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘टोचणारे तुकडे, उघडू नये’ असं लिहा. घंटागाडीवरची माणसं कचरा हाताने वेगळा करतात, त्यांच्याकडे हातमोजे असतातच असं नाही. सुट्या पिशवीत हे तुकडे टाकणं म्हणजे आपली जखम दुसऱ्याच्या हातात देणं आहे.

पऱ्हाटीबरोबर किंवा कचऱ्याबरोबर पेटवू नका. कार्बनमधलं इपॉक्सी जळतं, तंतू उरतात आणि धुराबरोबर हवेत जातात. कार्बन वीज वाहून नेतो म्हणून जळत्या विमानांतून सुटणाऱ्या अशा तंतूंचा विजेच्या उपकरणांवर काय परिणाम होईल, याचा अभ्यास नासाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस केला होता. एकूण धोका कमी निघाला. पण अंगणातल्या शेकोटीजवळ बसलेल्या माणसाच्या नाकाडोळ्यांना तो धूर नकोच.

उडवायला हॉल कुठला चांगला? जिनिंगचं रिकामं गोदाम मिळतंय.

गोदामाची उंची पाहून मोह होतो, आणि हंगाम संपल्यावर ती जागा रिकामीही असते. पण तिथे कोपऱ्याकोपऱ्यांत सरकी आणि कापसाचा फुफाटा असतो. तिथे उडवा, मात्र गोंद, एसीटोन, दुरुस्तीचं सामान काहीही आत नेऊ नका. मोडलेलं विमान डब्यात घालून घरी आणा.

शाळेचं सभागृह, बॅडमिंटन हॉल आणि लग्नसराई नसताना मंगल कार्यालय या जागा बऱ्या. मंगल कार्यालयात दुसऱ्या दिवशी पंगत बसणार असते, माणसं मांडी घालून फरशीवर बसतात. म्हणून विमान आपटून मोडलं, तर पुढचं उड्डाण थांबवा. मोडलेली जागा खडूने गोल करा, चिकटपट्टीने टिपा आणि विमानाचे सगळे तुकडे जुळतात का ते पाहा. असं करणाऱ्या मुलांना हॉलवाले पुन्हा चावी देतात.

विमान छताच्या कैचीत अडकलं तर?

कार्बनची लांब काठी वर नेऊ नका. ती वीज वाहून नेते आणि छताजवळ ट्यूबलाइटच्या, पंख्यांच्या वायरी असतात. आधी मेन स्विच बंद करा. मग दोऱ्याला बांधलेला फुगा सोडून हळूच विमान सोडवा. फुगा हेलियमचाच घ्या. जत्रेत मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो आणि तो ठिणगीने भडकतो.

जुनं विमान धाकट्या भावंडांना किंवा शाळेला दिलं तर चालेल का?

बोरॉन असलेलं देऊ नका. लहान मूल विमान हातात घेतलं की पंख वाकवून बघतंच. द्यायचंच झालं तर काचेच्या बंद पेटीत, शोभेसाठी द्या. एसटीने किंवा रेल्वेने नेताना डब्याच्या झाकणावर आतून बाहेरून लिहून ठेवा: कोणत्या भागात कोणता धागा आहे, तो कुठून कुठपर्यंत आहे आणि तुटलाच तर हात न लावता कोणाला फोन करायचा. धागा नसलेल्या भागांवरही तसं लिहा, म्हणजे उघडणाऱ्याला विमान कुठे धरायचं ते कळेल.